मुलांसाठी पहिला ट्रंपेट घेताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ट्रंपेट शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात वाजवलंय. जून महिना आला की फोन सुरू होतात, सर मुलाला ट्रंपेट घ्यायचाय, मुलीला शाळेच्या बँडमध्ये घेतलंय, कुठला घेऊ, किती पैसे घालू. दरवर्षी तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढलंय. जे स्वतः हाताळलंय तेवढंच सांगतोय.

बजेट किती ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो म्हणून आधी घेतो. साधारण तीन पायऱ्या आहेत. पाच ते पंधरा हजारात मेरठचे आणि बिननावाचे चायनीज नवे ट्रंपेट येतात. मग चांगल्या कंपनीचे पण वापरलेले, म्हणजे सेकंड हँड, ते पंधरा ते तीस हजारात नीट शोधलं तर सापडतात. आणि नामांकित कंपनीचा स्टुडंट मॉडेल, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा, नवा कोरा घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढे हिशोब धरा. माझं मत विचाराल तर मधली पायरी. वीस हजारातला जुना यामाहा हा दहा हजारातल्या नव्या चकचकीत ट्रंपेटपेक्षा शंभर पटीने बरा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक तरी ऐकत नाहीत कारण पोराच्या हातात जुनी वस्तू द्यायला जीव होत नाही. मला ते कळतं, मीही बाप आहे, पण तरी सांगतो.

ऑनलाइन सहा-सात हजारात नवा मिळतोय, बॅग, हातमोजे, माउथपीस (ओठ टेकवून फुंकायचा तुकडा) सगळं सोबत. तो का नको?

यासाठी माझीच गोष्ट सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मला एका दुकानातून नवा ट्रंपेट आणून दिला होता, त्या काळात त्यांच्या महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा गेला होता त्यात. ट्रंपेटला बोटाने दाबायचे तीन पिस्टन असतात, त्यातला तिसरा दाबला की वर यायचा नाही, बोटाने उचलावा लागायचा. आणि खालचे सूर, म्हणजे पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबून जो रे येतो तो कायम चढा लागायचा. दोन वर्षं मी हेच समजत होतो की माझा कान कच्चा आहे. घरचे पण म्हणायला लागले याला सूर नाही. मग एका संध्याकाळी बँडमधल्या एका वयस्क काकांनी मला स्वतःचा ट्रंपेट हातात दिला, म्हणाले यावर वाजव, आणि तोच रे एकदम जागेवर लागला. मी तीन-चार वेळा परत परत वाजवून बघितला, खरं वाटेना. दोन वर्षं ज्यासाठी मी बोलणी खाल्ली तो दोष माझा नव्हताच.

म्हणून स्वस्त नव्या ट्रंपेटला मी विरोध करतो, पैसे वाया जातात हे एक कारण झालं पण मोठं कारण हे की मुलाला स्वतःबद्दल चुकीचं वाटायला लागतं. मोठा वादक खराब वाद्यातून पण ओठाने सूर ओढून आणतो, मुलाला ते कसं जमणार?

म्हणजे मेरठचा घ्यायचाच नाही का?

असं सरसकट नाही म्हणणार. आपल्याकडे सतार-तंबोऱ्याला जसं मिरज तसं बँडच्या वाद्यांना मेरठ, तिथली जली कोठी म्हणजे अख्खा भाग याच धंद्यावर उभा आहे, नादिर अली कंपनी तर १८८५ पासून आहे. आपल्या महाराष्ट्रातले बहुतेक लग्नाचे बँड याच वाद्यांवर चाललेत आणि त्यात उत्तम वाजवणारे लोक आहेत. वरातीत, उन्हात, गर्दीत धक्के खात वाजवायला ते वाद्य परवडतं, तुटलं तर डाग लावून, म्हणजे सोल्डर करून, परत चालू होतं.

पण हाताने बनणाऱ्या वाद्यात नगानगात फरक असतो. एकाच फळीवरचे पाच उचलले तर एखादा छान निघेल, दोन ठीक आणि दोन बेकार. बँडवाला काय करतो, स्वतः जाऊन दहा वाजवून बघतो आणि त्यातला एक निवडतो. तुम्ही कुरियरने मागवणार असाल तर तुमच्या नशिबात कुठला येईल ते सांगता येत नाही. जाणकार माणूस सोबत असेल आणि वाजवून निवडता येत असेल तर जरूर घ्या, पण फक्त फोटो बघून नको.

मग कुठली मॉडेल बघू?

स्टुडंट ट्रंपेटमध्ये डोळे झाकून सांगता येईल असा म्हणजे यामाहाचा वायटीआर २३३० आणि त्याच्या आधीचा २३३५. पिस्टन मोनेल धातूचे असतात, निकल आणि तांब्याचा मिश्रधातू, आपल्या दमट हवेत आणि मुलांच्या थुंकीत लवकर गंजत नाही. बोअर म्हणजे आतल्या नळीचा व्यास ११.६५ मिमी, हाच सगळीकडे स्टँडर्ड धरतात, मुलाला फुंकायला जड पण नाही आणि आवाज बारीक पण येत नाही.

त्याशिवाय बाखचा टीआर ३००, तैवानच्या ज्युपिटरचा जेटीआर ७००, अमेरिकेतल्या गेटझेनचे स्टुडंट मॉडेल, इंग्लंडच्या जॉन पॅकरचा जेपी ०५१, हे सगळे चालतील. जुन्यात ओल्ड्स अ‍ॅम्बॅसेडर नावाचा मिळाला आणि पिस्टन घट्ट असतील तर सोडू नका, ती कंपनी १९७९ मध्ये बंद झाली पण ट्रंपेट अजून ठणठणीत वाजतात.

बी फ्लॅट सुराचाच घ्या. सी सुराचा ट्रंपेट, रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या झडपांचा), असलं काही कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, पुस्तकं आणि परीक्षा सगळं बी फ्लॅटवर आहे.

सेकंड हँड चांगला मिळणार कुठे?

मुंबईत धोबी तलावला जेर महालमध्ये फुर्ताडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, तिथे नवे बघायला मिळतात आणि मुलाच्या हातात चांगला ट्रंपेट कसा लागतो ते तरी कळतं. एकदा जाऊन यायला हरकत नाही. पण वापरलेल्यासाठी माणसांत फिरावं लागतं. ऑर्केस्ट्रावाले, चर्चमध्ये वाजवणारे, पोलिस आणि लष्कराच्या बँडमधून रिटायर झालेले, यांच्याकडे विचारत राहिलं की कुणीतरी सांगतं अमक्याकडे एक पडून आहे. गोव्यात तर बऱ्याच घरांत आजोबांचा ट्रंपेट कपाटावर असतो.

वेळ पण बघा. लग्नसराई चालू असताना कुणी वाद्य सोडत नाही. आषाढी झाली, चातुर्मास लागला, तारखा संपल्या की बँडवाल्यांचा हात मोकळा पण असतो आणि रिकामा पण असतो, तेव्हा बोलणं होतं. गणपती जवळ आले की परत भाव चढतो. मात्र घासाघीस करताना समोरच्याचं पोट त्यावर आहे हे ध्यानात ठेवा, फार पाडून मागू नका.

वापरलेला बघायला गेल्यावर काय तपासायचं? आम्हाला तर वाजवता येत नाही

वाजवता येत नसेल तरी ऐंशी टक्के गोष्टी कळतात, मी दरवेळी हेच करतो.

पहिलं, पिस्टन. तिन्ही एकेक करून दाबा आणि सोडा, सरळ दाबा आणि मग बोट थोडं तिरकं ठेवून दाबा, कारण मुलं तिरकंच दाबतात. टपकन वर यायला पाहिजे, वाटेत घुटमळता कामा नये. तेल सुकलेलं असेल तर थोडा जड लागेल म्हणून खिशात व्हॉल्व्ह ऑइलची बाटली घेऊनच जा, दोन थेंब टाकून परत बघा. तरी अडकला तर ते वाद्य तिथेच ठेवा.

दुसरं, पिस्टन गळतो का. ही टेस्ट मला फार आवडते. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी वळलेली नळी, इंचभर बाहेर ओढून धरा, आणि मग तो पिस्टन दाबा. बाटलीचं बूच उघडल्यासारखा पॉप आवाज यायला पाहिजे. आला म्हणजे पिस्टन आणि त्याचं घर यांच्यात हवा जात नाही, वाद्य तरुण आहे. तिन्हींवर करा. अजिबात आवाज नाही आला तर पिस्टन झिजलेत, आणि झिजलेले पिस्टन दुरुस्त करायचा खर्च स्टुडंट ट्रंपेटच्या किमतीपेक्षा जास्त होतो. हा आवाज दुकानदारासमोर काढून दाखवला की तो पण समजतो गिऱ्हाईक बघून आलंय.

तिसरं, सगळ्या स्लाइड हलतात का. मेन ट्यूनिंग स्लाइड आणि तिसरी स्लाइड तर हललीच पाहिजे. तिसऱ्या स्लाइडला बोट घालायला कडं असतं, ते उगाच शोभेला नाही, खालचा रे आणि रे कोमल ट्रंपेटवर मुळातच चढा येतो आणि ती स्लाइड बाहेर ढकलून तो उतरवायचा असतो. माझ्या पहिल्या ट्रंपेटची हीच स्लाइड जाम होती, मला माहीतच नव्हतं की ती हलायची वस्तू आहे.

चौथं, लीडपाइप, म्हणजे माउथपीस जिथे बसतो ती पहिली सरळ नळी. प्रकाशात धरून बघा. गुलाबी-लाल ठिपके, मध्ये काळा बारीक डाग, असं दिसलं तर पितळ आतून सडत आलंय, जस्त निघून जातं आणि तांबं उरतं. एखादा ठिपका असेल तर भाव कमी करून घ्या, नळीभर असेल तर नको.

पाचवं, पोचे. बेलवरचा, म्हणजे पुढच्या कर्ण्यावरचा, पोचा दिसायला वाईट पण आवाजाला फार फरक पडत नाही. लीडपाइपवरचा पोचा वाईट. आणि पिस्टनच्या घरावर पोचा असेल तर अजिबात नको, आत पिस्टन घासतो.

सहावं, डाग. जोडकाम हाताने हलवून बघा, कुठे सुटलंय का, कुठे परत डाग लावलाय का. नीट लावलेला डाग चालतो, ढेकूळ दिसत असेल तर हलक्या हाताचं काम नाही.

सातवं, पाणी काढायची चावी आणि तिचं बूच. बूच खराब असेल तर काळजी नको, किरकोळ खर्चात बदलून मिळतं.

आणि लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकचकीत थर, उडालाय, हाताच्या जागी रंग गेलाय, नाव पुसट झालंय, याकडे बघू पण नका. उलट जिथे हात लागून लागून लॅकर गेलाय तो ट्रंपेट कुणीतरी मनापासून वाजवलेला असतो, आणि वाजत राहिलेलं वाद्य बहुधा चांगलं असतं.

मुलगा सी वाजवतोय म्हणतो आणि मोबाईलचा ट्यूनर बी फ्लॅट दाखवतो, ट्रंपेट बिघडलाय का?

नाही, अगदी बरोबर आहे. दर महिन्याला एकतरी पालक या प्रश्नाने घाबरून फोन करतात, दोघांनी तर वाद्य परत करायची तयारी केली होती. ट्रंपेटवर जो सी लिहितात तो पेटीवर काळी पाच असतो. म्हणजे कुठलाही पिस्टन न दाबता मुलगा सी वाजवेल तेव्हा पेटीवर काळी पाच दाबून बघा, जुळेल. काही अ‍ॅप बी फ्लॅट लिहितात, काही ए शार्प, दोन्ही एकच. घरी पेटी असेल तर ट्यूनरपेक्षा पेटीसोबतच तपासा, कानाला सवय लागते.

आणि कुणाला काळी एकमध्ये गाणाऱ्यासोबत वाजवायचं असेल तर ट्रंपेटवर ई फ्लॅट पकडावा लागेल, एक पूर्ण सूर वरचं. हे पहिल्या वर्षी लागणार नाही, पण गणपतीत आरतीला साथ करायची वेळ आली की लागतं.

माउथपीस सोबतचाच वापरला तर चालेल का?

चांगल्या कंपनीचा असेल तर चालेल. यामाहासोबत ११बी४ मापाचा येतो, बाखसोबत ७सी मापाचा, दोन्ही सुरुवातीला उत्तम आहेत. पण स्वस्त ट्रंपेटसोबत जो येतो तो आधी बोटाने चाचपून बघा. ओठ टेकतो ती कडा कधी कधी धारदार असते, कधी मधलं भोक नीट मध्यावर नसतं. मुलाचे ओठ सुजतात, पाच मिनिटांत दमतो आणि आपण म्हणतो सराव करत नाही.

पैसे कमी असतील आणि सध्या मेरठचाच ट्रंपेट हातात असेल तर किमान माउथपीस चांगला घ्या, तीन ते सहा हजारात मिळून जातो, आणि पुढे ट्रंपेट बदलला तरी हाच वापरता येतो. एवढ्या पैशात यापेक्षा जास्त फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. कुणी सांगेल मोठा घ्या, ३सी घ्या, १सी घ्या, ते नंतर. पहिली दोन वर्षं ७सी किंवा त्याच्या आसपासचाच.

कॉर्नेट घेऊ का ट्रंपेट? आणि पॉकेट ट्रंपेट छोटा असतो तो मुलांना बरा ना?

कॉर्नेट लहान मुलांना खरंच बरा पडतो. नळी तेवढीच लांब असते, पाच फुटाला थोडी कमी, पण जास्त गुंडाळलेली असल्यामुळे वजन शरीराजवळ येतं आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराचा हात दुखत नाही. बोटं तीच, फुंक तीच, नंतर ट्रंपेटवर यायला दोन दिवस लागतात. परीक्षांनाही चालतो. चांगला कॉर्नेट मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

पॉकेट ट्रंपेट नको. लहान मुलांसाठी बनवलेला वाटतो पण तसा नाही, प्रवासात सराव करणाऱ्या मोठ्यांची ती सोय आहे, स्वस्तातले तर सुराला फारच बेभरवशाचे.

शाळेत बिगुल वाजवतो, त्याचा उपयोग होईल का?

खूप होईल. आरएसपीच्या (रोड सेफ्टी पेट्रोल) किंवा स्काउटच्या पथकात बिगुल वाजवलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा अर्धा रस्ता झालेला असतो. बिगुलाला पिस्टन नसतात, सगळे सूर फक्त ओठांनी काढायचे असतात, आणि ट्रंपेटमध्ये अवघड गोष्ट तीच आहे. बोटं काय, आठवड्यात पाठ होतात.

कितव्या वर्षी सुरू करावं? दातांना तार आहे, चालेल का?

पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात आले की, म्हणजे साधारण आठ-नऊ वर्षं. त्याआधी हट्टच असेल तर नुसता माउथपीस द्या, त्यावर ओठ थरथरवून गाणी वाजवायला पोरांना मजा येते.

तार असली तरी वाजवता येतं, सुरुवातीला ओठ आतून सोलवटतात म्हणून दातांच्या डॉक्टरकडून मेण घ्या. फक्त एक, तार लावायच्या किंवा काढायच्या आठवड्यात परीक्षा किंवा कार्यक्रम ठेवू नका, तोंडाची सगळी ठेवणच बदललेली असते आणि चांगलं वाजवणारं मूल पण रडकुंडीला येतं. दम्यासारखा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग मला फोन करा.

लाल, निळा असे रंगीत येतात, मुलीला निळाच पाहिजे. आणि चांदीचा मुलामा चांगला का लॅकर?

रंगीत बहुतेक स्वस्तातलेच असतात, रंगावर खर्च केलेला असतो आणि पिस्टनवर नाही. तिला निळी बॅग घेऊन द्या, निळी दोरी लावा, ट्रंपेट पितळीच राहू दे.

चांदी का लॅकर यात विद्यार्थ्याला आवाजात फरक कळणार नाही. चांदी काळी पडते, पुसत राहावं लागतं. एक मात्र आहे, काही मुलांचा घाम फार खारट असतो, कोकण-मुंबईकडे तर विचारू नका, सहा महिन्यांत लॅकर उडतो. अशांनी वाजवून झालं की मऊ सुती कापडाने हाताची जागा पुसायची सवय लावायची. जुना धुतलेला गंजीफ्रॉक सगळ्यात मस्त.

प्लास्टिकचा ट्रंपेट कसा आहे?

वाटतो तेवढा वाईट नाही. पीट्रंपेट नावाचा येतो, वजन अर्धा किलोच्या आसपास, पडला तरी पोचा येत नाही. लहान मुलाला गोडी आहे का ते बघायला, पावसात मोकळ्यावर वाजवायला ठीक. पण वर्षभर त्यावरच शिकायचं म्हटलं तर पिस्टन पितळेच्या ट्रंपेटसारखे चालत नाहीत आणि आवाजाला तो भरीवपणा येत नाही. बिननावाच्या सात हजारी ट्रंपेटपेक्षा मात्र मी हा निवडेन.

आमचा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडून मागवू का?

अहो नक्की मागवा, हा तर सगळ्यात चांगला मार्ग आहे. तिकडे शाळेत पाचवी-सहावीलाच मुलं बँडमध्ये जातात, बरेच जण वर्ष-दोन वर्षांत सोडतात आणि चांगले चांगले स्टुडंट ट्रंपेट घरात पडून राहतात. तिथल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं तर कुणी ना कुणी देऊन पण टाकतं. यामाहा, बाख, किंग, होल्टन, कॉन, गेटझेन यातलं नाव असेल तर वर सांगितलेली पॉपची टेस्ट व्हिडिओ कॉलवर करून घ्या, मी पालकांना तेच करायला सांगतो, भाऊ स्लाइड ओढतो आणि आपण इकडे कान लावून ऐकतो.

आणताना सामानात टाकू नका, हातातच आणू दे. कस्टमचा नियम निघायच्या आधी बघून ठेवा.

पिस्टनला कुठलं तेल? घरातलं खोबरेल चालतं का?

नाही, नाही, नाही. एका मुलाच्या वडिलांनी दिवाळीच्या सुट्टीत प्रेमाने तिन्ही पिस्टनना खोबरेल लावलं, दोन-तीन आठवडे मस्त चाललं. मग डिसेंबरची थंडी पडली, सकाळी सातचा क्लास, मुलाने ट्रंपेट बाहेर काढला तर तिन्ही पिस्टन खाली दाबलेलेच, वर यायचं नाव नाही. आत तेल गोठून पांढरं मेण झालं होतं. बॅगेतून काढून उन्हात धरला, कोमट पाण्यात ठेवला, बारीक ब्रश फिरवला, अर्धा तास गेला आणि त्या पोराचा चेहरा एवढा एवढा झाला होता. शिलाई मशीनचं तेल पण नको, ते जाड असतं आणि चिकटा धरतं.

व्हॉल्व्ह ऑइल म्हणूनच मिळतं, एक बाटली महिनोन्‌महिने जाते, रोज वाजवायच्या आधी प्रत्येक पिस्टनला दोन-तीन थेंब. स्लाइडना मात्र ग्रीस लागतं, ते नसेल तर साधी व्हॅसलीन चालते.

तेल घातल्यापासून ट्रंपेटमधून हवाच जात नाहीये, फुंक अडकते

पिस्टन उलटसुलट बसलेत. प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असा आकडा कोरलेला असतो, पहिला म्हणजे माउथपीसच्या बाजूचा. बाहेर काढून आकडे जुळवा, परत घरात घाला आणि हलक्या हाताने फिरवा, एका जागी टिक करून बसतो, मग वरची टोपी लावा. काही बिघडलेलं नाही.

पितळ काळं पडलंय, चिंचेने किंवा भांड्याच्या पावडरने घासू का?

देवघरातली समई घासता तसा ट्रंपेट घासू नका. वर लॅकरचा थर असतो, तो निघून जातो आणि मग पितळ अजून लवकर खराब होतं. महिन्यातून एकदा पिस्टन आणि फेल्ट (त्यांच्यावरच्या नमद्याच्या चकत्या) बाजूला काढून बाकी वाद्य कोमट पाण्यात, थोडा भांड्याचा साबण, आतून लवचिक ब्रश फिरवायचा आणि सावलीत वाळवायचं. कडकडीत गरम पाणी नको. वाजवायच्या आधी चूळ भरायची सवय लावा, वडापाव खाऊन तसंच फुंकलं की सगळं त्या लीडपाइपमध्ये जाऊन बसतं, आणि तिथूनच सडायला सुरुवात होते.

माउथपीस आत अडकून बसलाय

पक्कड लावू नका. प्लीज. लीडपाइप पिळला गेला की संपलं. माउथपीस पुलर नावाचं छोटं हत्यार असतं, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा बँडवाल्याकडे नेलं की एका मिनिटात निघतो. तो अडकतो कारण मुलं माउथपीसवर तळहाताने टप टप मारतात, ऐकायला छान वाटतं म्हणून. ती सवय पहिल्या दिवशीच मोडा.

पोचा तांबटाकडून काढून घेऊ का?

बेलचा पोचा काढणारे हुशार हात आहेत आपल्याकडे, पण भांड्याचं पितळ आणि ट्रंपेटचं पितळ यात जाडीचा खूप फरक असतो, ट्रंपेटचा पत्रा फार पातळ. बँडची वाद्यं नेहमी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. पिस्टनच्या आसपास कुणालाच हातोडी लावू देऊ नका.

फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी तक्रार करतात

प्रॅक्टिस म्यूट घ्या, बेलमध्ये बसतो, आवाज बाजूच्या खोलीत टीव्ही चालू असल्यासारखा होतो. टॉवेल कोंबू नका, सूर बदलतो आणि कान बिघडतो. पण रोज म्यूटवरच वाजवलं तर फुंकेची सवय चुकीची लागते, म्हणून दिवसातली पंधरा मिनिटं तरी मोकळा आवाज पाहिजे. शेजारच्या काकूंना आधीच जाऊन सांगा, संध्याकाळी सहा ते सव्वासहा आमची मुलगी वाजवते, वेळ ठरलेली असली की लोक समजून घेतात. आमच्या सोसायटीत तर वॉचमन आता सव्वासहाला विचारतो आज ताईने वाजवलं नाही का.

शिकायचं कुणाकडे? यूट्यूबवर जमेल का?

पहिले तीन महिने समोर माणूस पाहिजे, ओठ कसे ठेवलेत, गाल फुगतात का, खांदे वर जातात का, हे मोबाईलला दिसत नाही. लष्कर-पोलिस बँडमधले रिटायर्ड लोक फार शिस्तीत शिकवतात, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, पक्कं करून घेतात. गोव्यात कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, आणि चर्चच्या शाळांमधून सोल्फा, म्हणजे सुरांची नावं गाऊन स्वरलिपी शिकायची परंपरा तर पोर्तुगीज काळापासूनची. आपल्या सिनेसंगीतात ट्रंपेट आला तो तिथल्याच माणसांच्या हातून, संगीतकार सी. रामचंद्रांसोबत काम केलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे गोव्याचेच. मुलांना जुनी गाणी ऐकवताना मागचा ट्रंपेट ऐका म्हणून सांगा, एकदा कान पडला की मग सोडत नाहीत.

लग्नाच्या बँडमधला मास्तर शिकवायला तयार असेल तर नाक मुरडू नका. कानावर ऐकून गाणं उचलायची त्यांची तयारी बघितली की मी आजही थक्क होतो.

आणि वर्षभरात मुलाने सोडून दिलं तर?

म्हणूनच नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला घ्या म्हणतो. वीस हजारात घेतलेला यामाहा नीट ठेवला तर दोन वर्षांनी जवळपास तेवढ्यालाच जातो, माझ्याकडेच कायम दोन-तीन पालक रांगेत असतात. बिननावाच्या ट्रंपेटला मोडीत पितळेचा भाव येतो.

विकताना पिस्टनना तेल घालून ठेवा आणि माउथपीस त्याच्यासोबतच द्या, पुढच्या पोराला पहिल्या दिवशी वाजवता आलं पाहिजे.